ळ

पेशवाई बुडाली, रमण्यातली दक्षिणा आटली,
तेव्हा मी नागझरी ओलांडली.
महिना बारा रुपये. टेबलावर ठेवायचे,
हातात द्यायचे नाहीत,
एवढी एकच अट माझी.
साहेबाने ती वहीत उतरवून घेतली.

नाव त्याचं केर.
पाद्री केर, स्कॉटलंड नावाच्या कुठल्या थंड मुलखातला.
पहिल्या दिवशी ओठ दाताखाली धरला मी
आणि अर्थ सांगितला नाही.
सात महिने सांगितला नाही.

तसं त्याला सगळं आलं.
ण आला, ज्ञ आला,
चाकातला च निराळा आणि चिमणीतला निराळा
हेही कळलं.
ळ मात्र येईना.
जीभ टाळूकडे निघायची
आणि वाटेतच बसकण मारायची.
"डोले मिटा," तो प्रार्थनेला म्हणे,
पोरं डोलायला लागत.
"देव कालाच्या पलीकडे आहे."
म्हणजे परवा, एक कार्टं म्हणालं.
संध्याकाळी आमच्या आळीत ओट्यावर
मी हे साभिनय सांगत असे.
अर्थात त्याआधी नागझरीत सचैल स्नान.

अंगण झाडायला मांगवाड्यातून ठकी यायची.
तो आत, मी दारात, ती दाराबाहेर:
असा आमचा वर्ग.
एकदा धड्यात 'शेजारी' आला.
त्याच्या पोथीत तो फार मोठा शब्द.
खिडकीतून बोट दाखवून विचारतो,
"पंतोजी, ठकी तुमची शेजारी?"
मी म्हटलं, साहेब, व्याकरणाने होय.

शेवटी तिनेच फोडलं.
खराटा भिंतीला टेकवून, पदर खोचत:
"सायेब, तुमचं नाव म्या रोज काढते."
त्याला वाटलं, स्तुती.
नाव काढणे, मागल्याच आठवड्यात शिकवलं होतं मी,
कुळाचं, गुरूचं, वगैरे.
तो उजळला. मग तिचं हसू बघून माझ्याकडे वळला.
सांगावं लागलं.
पाचोळा, राख, केसांचं गुंतवळ,
दाराबाहेर लोटायचं ते.
रागावला नाही. हसलाही नाही.
वहीत लिहिलं, टीपकागद दाबला,
आणि म्हणाला,
"सात महिने ठाऊक होतं तुम्हाला?"

भाद्रपदात लष्करात ताप फिरला.
त्याचा मुलगा, अकरा महिन्यांचा,
ज्याला तो मराठीत 'बाल' म्हणायचा,
ज्याला ठकी लांबूनच खराट्याची काडी नाचवून हसवायची.
दोन दिवसांत संपला.

त्यांच्या दफनभूमीला तेव्हा निवडुंगाचं कुंपण होतं.
आत जाणं मला वर्ज्य. तिला कुणी बोलावलं नव्हतं.
एकाच कुंपणाबाहेर उभे होतो आम्ही,
मधे सहा हात अंतर,
जे मीच मोजलं होतं.
पेटी एवढीशी, पागोट्याच्या डब्यासारखी.
त्याने त्यांच्या भाषेत काही वाचलं,
पुस्तक मिटलं,
मग माती टाकताना
एक शब्द आमचा:
"बाळ."
स्वच्छ. मूर्धन्य.
जीभ टाळूला लागली आणि सुटली.

ठकीने डोळ्यांना पदर लावला.
माझ्या तोंडात, सवयीने, 'शाबास' आलं होतं.
गिळलं.

त्या संध्याकाळीही स्नान केलं मी.
खोटं कशाला सांगू.
पाणी गुडघाभर, गढूळ,
आणि संकल्पातले शब्द काही केल्या जुळेनात.
ओट्यावर त्या दिवशी कुणी विचारलं,
काय म्हणतोय तुमचा केर?
मी म्हटलं, डोकं दुखतंय.

चार दिवसांनी धडा पुन्हा सुरू.
ळ गेला होता. आला तसाच.
"फल," तो म्हणाला. "वृक्षाचं फल."
मला दुरुस्त करवेना.
अंगणातला खराटा थांबला.
"फळ, सायेब," बाहेरून आवाज आला.
"जीब वर. फळ."
त्याने खुर्ची खिडकीकडे वळवली
आणि पुन्हा म्हणून पाहिलं.
पुन्हा. पुन्हा.
मी दारात बसून ऐकत होतो दोघांना.

महिनाअखेर होती.
टेबलावर बारा रुपये होते.
मीच उचलले.